सर जमशेटजी जिजीभाई : औषधदान आणि त्यामागील धन

कोयना आणि केरा यांच्या संगमावर वसलेल्या पाटणहून मुंबईचा रस्ता फार जुना आहे. खोऱ्यातील कष्टकरी गिरण्यांत राबण्यासाठी, पुढे गोदीत आणि बाजारपेठांत माथाडी म्हणून ओझी वाहण्यासाठी मुंबईस गेला. त्याच्या मागोमाग गावाकडचे आजारपणही मुंबईस गेले. कऱ्हाड, सातारा येथे इलाज होईना, मिरजेसही गुण येईना, की घरातील वडीलधारी मंडळी शेवटचा उपाय म्हणून भायखळ्याच्या एका इस्पितळाचे नाव काढीत. त्या नावात दोनच अक्षरे होती : जे. जे. ही अक्षरे कोणाची, त्या माणसाने हे इस्पितळ का आणि कोणत्या पैशातून उभारले, याची चौकशी करण्याची सवड रुग्णाला नसते आणि त्याच्या नातलगांनाही नसते. संस्था चालविणाऱ्यांनी मात्र ती चौकशी जरूर करावी.

जैन परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. सर जमशेटजी जिजीभाई हे धर्माने पारशी; पण या चारही दानांत त्यांचे नाव निघते, आणि अभयदानाच्या एका मोठ्या कार्यात तर त्यांचे सहकारी मुंबईचे विख्यात जैन श्रेष्ठी मोतीशाह शेठ हे होते. म्हणून पन्नास वर्षांच्या सेवाकार्याचा आढावा घेताना या पुरुषाचे चरित्र आठवणे अप्रस्तुत ठरू नये. ते चरित्र गौरवाचे आहे. त्यात एक काळी बाजूही आहे; ती झाकून ठेवल्यास चरित्र अपुरे राहील.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी नवसारीशी संबंध असलेल्या एका सामान्य पारशी कुटुंबात झाला. वडील कापडाच्या धंद्यातील, मिळकत बेताची. शिक्षण जेमतेम, गुजराती लिहिता-वाचता येई आणि हिशेब ठेवता येई एवढेच. १७९९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, आई-वडिलांचे छत्र हरपले. पोरका मुलगा मुंबईस मामांकडे आला. मामा फ्रामजी नसरवानजी हे रिकाम्या बाटल्यांचे व्यापारी होते आणि त्यावरून बाटलीवाला म्हणून ओळखले जात. जमशेटजी त्यांच्या दुकानात कामाला लागले व तेच आडनाव त्यांनाही चिकटले. पुढे ज्यांचा पुतळा नगरमंदिरात उभा राहिला, त्यांनी उमेदवारी जुन्या बाटल्या मोजण्यात केली होती. १८०३ मध्ये मामांचीच कन्या आवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

बाटल्यांच्या दुकानात हे मन रमण्यासारखे नव्हते. गाठीला १२० रुपये बांधून हा तरुण चीनच्या पहिल्या सफरीवर निघाला, असे सांगतात. त्या काळी मुंबईहून कँटनचा प्रवास शिडाच्या जहाजातून काही महिन्यांचा असे. वादळ, आजार आणि शत्रूची जहाजे यांचे भय निराळेच. जमशेटजींनी अशा पाच सफरी केल्या. त्यांपैकी चौथ्या सफरीने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. १८०५ मध्ये ते ब्रन्सविक नावाच्या जहाजाने चीनला निघाले असता सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच नौदलाने ते जहाज पकडले. माल गेला, पैसा गेला, आणि युद्धकैद्यांसह जमशेटजींना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपच्या किनाऱ्यावर नेऊन सोडण्यात आले. तेथून अनेक हाल सोसून, कलकत्त्यामार्गे, ते कसेबसे घरी परतले.

या जहाजावरील वैद्य विल्यम जार्डिन या नावाचा एक तरुण स्कॉटिश गृहस्थ होता. बंदिवासात त्याचा व जमशेटजींचा स्नेह जमला. पुढे जार्डिनने वैद्यकी सोडली, व्यापारात उडी घेतली आणि १८३२ मध्ये जार्डिन मॅथेसन ही पेढी स्थापन केली. चीनच्या किनाऱ्यावर अफू विकणाऱ्या पेढ्यांत ती सर्वांत मोठी ठरली. आणि तिला मुंबईहून माल पुरविणाऱ्यांत जमशेटजी अग्रगण्य होते. एका वैद्याची व पुढे इस्पितळ बांधणाऱ्या दात्याची ही मैत्री. पण त्या दोघांच्या भरभराटीचा पाया मात्र अफूचा.

१८०७ च्या सुमारास पाचवी सफर आटोपून जमशेटजी मुंबईत स्थिरावले. युरोपातील युद्धांमुळे कापसाला भाव आला होता. त्यात त्यांनी चांगला नफा मिळविला. त्यांच्या पेढीचे भागीदार पाहिले म्हणजे त्या काळच्या मुंबईचे चित्र उभे राहते. पारशी जमशेटजी, जैन मोतीचंद अमीचंद तथा मोतीशाह शेठ, आणि कोकणी मुसलमान महंमद अली रोगे. धर्म भिन्न, देव भिन्न, वही एक. चाळिशीत पोहोचेपर्यंत जमशेटजींची संपत्ती दोन कोटींच्या घरात गेली होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पेढीची स्वतःची जहाजे होती. कापूस जाई, मोती जात, मसाले जात. आणि मोठ्या प्रमाणात अफू जाई.

या अफूची वाट महाराष्ट्राच्या इतिहासाला लागूनच जाते. ती पिके माळव्यात, मुख्यतः शिंदे व होळकर यांच्या मुलखात. इंदूर, उज्जैन, रतलाम येथील सावकार शेतकऱ्याला उचल देत, चीक विकत घेत, त्याच्या वड्या करवीत आणि बैलांच्या पाठीवरून बंदराकडे रवाना करीत. या सावकारांत व आडत्यांत मारवाडी व गुजराती व्यापाऱ्यांची, त्यांतही अनेक जैन घराण्यांची संख्या मोठी होती, हे इतिहासकारांनी दाखविले आहे. बंगालच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. माळव्याच्या अफूवर ती बसविता आली नाही. तेव्हा १८३१ पासून कंपनीने परवाना फी घेऊन हा माल मुंबई बंदरातून जाऊ देण्याचे धोरण पत्करले. पोर्तुगिजांच्या दमणवरून, सिंधमधील कराचीवरून जाणारे चोरटे मार्ग होतेच. एका पेटीत साठ-पासष्ट किलो अफू मावे. अशा हजारो पेट्या दरवर्षी मुंबईहून निघत.

चीनच्या बादशहांनी अफूच्या व्यसनाविरुद्ध १७२९ पासून वारंवार फर्माने काढली होती. म्हणजे हा व्यापार तेथील कायद्याने गुन्हा होता. माल कँटनबाहेर उभ्या असलेल्या जहाजांवरून छोट्या होड्यांत उतरवून, अधिकाऱ्यांना लाच देऊन आत नेला जाई. जमशेटजी पाच वेळा चीनला जाऊन आले होते. तेथील बाजार त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. आपला माल कोठे जातो हे त्यांना ठाऊक नव्हते, असे म्हणण्यास जागा नाही.

जैन गृहस्थधर्माच्या दृष्टीने येथे थोडे थांबावे लागते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य, म्हणजे विषाचा व्यापार, स्पष्टपणे गणला आहे. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिलाच गुण न्यायसंपन्न विभव हा आहे : धन न्यायाने मिळविलेले असावे. दानाचा क्रम त्यानंतरचा. शास्त्राने हा क्रम सहज म्हणून लावलेला नाही. असे असूनही त्या शतकात जैन, वैष्णव, पारशी, मुसलमान, यहुदी आणि ख्रिस्ती, सर्वांनीच या व्यापारात हात घातला होता, आणि त्याचा उगम असलेली कंपनी तर राज्यकर्तीच होती. सर्वांचा हात असला म्हणजे कोणालाच डाग दिसत नाही.

दानाचा ओघ १८२२ पासून वाहू लागला. त्या साली जमशेटजींनी मुंबईच्या तुरुंगात किरकोळ कर्जापायी खितपत पडलेल्या गरीब कैद्यांची देणी फेडून त्यांना मोकळे केले. ही कल्पना त्यांना केपच्या किनाऱ्यावरील स्वतःच्या बंदिवासातून सुचली असेल काय, याचा पुरावा नाही. पण पैशावाचून परमुलखात अडकणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते एवढे खरे. सुरतेला १८३७ मध्ये भीषण आग लागली तेव्हाही त्यांनी सढळ हाताने मदत केली.

मुंबईच्या पांजरपोळाची कथा समाजबांधवांना अधिक जवळची आहे. मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम निघाला. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे इनाम ठरले. त्यावरून १८३२ मध्ये शहरात मोठी दंगल उसळली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे, आणि जैनांना तर कोणत्याही जिवाची हत्या असह्य. दंगलीने प्रश्न सुटणार नव्हता. मोतीशाह शेठ व जमशेटजी यांनी पुढाकार घेऊन १८३४ मध्ये पांजरपोळ सुरू केले. म्हातारी, आजारी, लंगडी जनावरे तेथे आसऱ्याला आली. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने लागा बसवून घेतला. ही व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे : एकट्या धनिकाच्या लहरीवर संस्था सोडायची नाही, बाजारातून नित्य येणाऱ्या थोड्या-थोड्या रकमेवर तिला उभी करायची. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर आणि शत्रुंजयावरील टूंक यांमुळे मोतीशाहांचे नाव आजही घेतले जाते. १८३६ मध्ये ते निवर्तले. चीनच्या व्यापारात तेही भागीदार होते, हे विसरून चालणार नाही.

आता इस्पितळाकडे वळू. मुंबईत गोऱ्यांसाठी व लष्करासाठी दवाखान्यांची सोय होती. देशी गरिबांसाठी जी व्यवस्था होती ती शहराच्या वाढीला अगदीच अपुरी पडत होती. १८३८ मध्ये जमशेटजींनी सरकारपुढे प्रस्ताव ठेवला : सर्व जातिधर्मांच्या गरिबांसाठी मोठे रुग्णालय बांधावे, आपण १ लाख रुपये देतो, सरकारने तितकीच रक्कम घालावी. त्या काळचे १ लाख रुपये म्हणजे केवढी रक्कम, याची कल्पना महिन्याला चार-पाच रुपयांवर घर चालविणाऱ्या मजुराशी तुलना केल्यास येईल. प्रस्ताव मान्य झाला. परंतु कागद विलायतेस जाऊन यायला, जागा ठरायला आणि नकाशे मंजूर व्हायला वर्षे लागली.

याच वर्षांत समुद्रापलीकडे काय घडत होते ते पाहणे आवश्यक आहे. १८३९ मध्ये चीनच्या बादशहाचे आयुक्त लिन त्सेश्यू कँटनला आले आणि त्यांनी परदेशी व्यापाऱ्यांकडील २०,००० हून अधिक पेट्या अफू ताब्यात घेऊन नष्ट केली. त्या पेट्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचा, जमशेटजींचाही, माल होता. त्याच कारणावरून इंग्लंडने चीनशी युद्ध पुकारले. १८४२ च्या ऑगस्टमध्ये नानकिंगच्या तहाने चीनला हार मानावी लागली, हाँगकाँग द्यावे लागले व मोठी खंडणी भरावी लागली. त्याच १८४२ साली राणी व्हिक्टोरियाने जमशेटजींना सर ही पदवी दिली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. आणि ३ जानेवारी १८४३ रोजी, तहानंतर सुमारे चार महिन्यांनी, भायखळ्याला इस्पितळाची कोनशिला बसली. या तारखा सहसा एका पानावर छापल्या जात नाहीत. गौरवग्रंथांतून चीनशी व्यापार एवढे दोन शब्द येतात आणि अफू हा शब्द गाळला जातो.

१८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी देशी विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य वैद्यक शिकविण्याची योजना आखली होती. १८३८ मध्ये ते वारले आणि त्यांच्या नावाने हे महाविद्यालय उभे राहिले. डॉ. चार्ल्स मोरहेड हे त्याचे पहिले प्रमुख. शवविच्छेदन हा शब्द उच्चारणेही उच्चवर्णीय घरांत पाप मानले जाई, त्या काळात तेथे मराठी, गुजराती, पारशी व ख्रिस्ती मुले शिकू लागली. १८५१ मध्ये पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. तीत डॉ. भाऊ दाजी लाड होते, डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते. भाऊ दाजींनी आपले बंधू नारायण दाजी यांच्यासह गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. आत्माराम पांडुरंग पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झाले. रुग्णशय्या आणि अध्यापन एकत्र असल्याशिवाय डॉक्टर घडत नाही. जमशेटजींचे इस्पितळ शेजारी नसते, तर या महाविद्यालयाला शिकविण्यासाठी रुग्ण कोठून मिळाले असते?

या दानाची रीत अभ्यासावी अशी आहे. जमशेटजींनी सरकारला वाटेकरी केले. त्यामुळे इस्पितळ चालविणे ही राज्यकर्त्यांची जबाबदारी ठरली, मेहेरबानी राहिली नाही. आपल्या जातीपुरते ते राखून ठेवले नाही. पारशी समाजासाठी त्यांनी निराळी संस्था काढली. १८४९ मध्ये सुरू झालेल्या त्या पारशी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनसाठी पतिपत्नींनी मोठी रक्कम कंपनीच्या तिजोरीत ठेवली व तिच्या व्याजातून शाळा आणि मदतकार्य चालावे अशी योजना केली. स्वजातीचे आणि सर्वांचे, असे दोन हिशेब त्यांनी वेगळे ठेवले. इस्पितळाच्या रोजच्या कारभारावर मालकी सांगितली नाही. आजही अनेक धर्मार्थ रुग्णालयांत दात्याचे नातलग विश्वस्त होतात, विश्वस्तांचे नातलग पुरवठादार होतात, आणि गरिबांसाठी राखीव खाटांचा हिशेब कागदावर राहतो. महाराष्ट्रात उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. कर्तव्य न्यायालयाकडून शिकण्याची वेळ यावी, ही संस्थाचालकांसाठी भूषणाची गोष्ट नव्हे.

आवाबाईंचे दान याहून नेमके होते. माहीमच्या खाडीत होड्या उलटून माणसे मरत. सरकार पूल बांधण्यास खर्चाचे कारण देऊन तयार नव्हते. आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि अट घातली, की या रस्त्यावर कधीही जकात बसवू नये. १८४५ मध्ये माहीमचा तो बांधरस्ता खुला झाला. देणगीला अट असू शकते. पण ती दात्याच्या नावासाठी आहे की वाटसरूच्या खिशासाठी, यावरून तिची योग्यता ठरते. पुण्यात मुळा-मुठेवर बंधारा बांधून पाणीपुरवठा करण्याच्या योजनेलाही जमशेटजींनी मोठी रक्कम दिली. बंडगार्डनच्या नावातील बंड हा शब्द त्या बंधाऱ्याचाच. वृद्ध व निराधारांसाठी धर्मशाळा, शाळा, विहिरी, आणि १८५७ मध्ये सुरू झालेले कलाशिक्षणाचे विद्यालय, ही यादी लांबते. १८२२ ते १८५८ या काळात त्यांनी दिलेल्या रकमांची बेरीज २३ लाख रुपयांहून अधिक होते.

मग त्या धनाचे काय? तो काळच तसा होता, असे एक उत्तर नेहमी दिले जाते. ते पुरेसे नाही, कारण त्या काळातही वेगळे आवाज होते. एप्रिल १८४३ मध्ये, इस्पितळाची कोनशिला बसून तीन महिने झाले असतील-नसतील, लंडनच्या पार्लमेंटात लॉर्ड अॅश्ली यांनी अफूच्या व्यापाराविरुद्ध ठराव मांडला होता. आणि आवाज परदेशातच होते असेही नाही. दादाभाई नौरोजी हे जमशेटजींच्याच समाजातील. १८५५ मध्ये ते कामा यांच्या पेढीत भागीदार म्हणून लंडनला गेले. पेढीच्या व्यवहारात अफू व मद्य यांचा नफा होता. तो घेण्यास त्यांचे मन राजी होईना. अखेर त्यांनी ती भागीदारी सोडली आणि १८५९ मध्ये स्वतःची वेगळी पेढी काढली. दादाभाई श्रीमंत झाले नाहीत. त्यांच्या नावाचे इस्पितळ झाले नाही. पण हा रस्ता त्याही काळी दिसत होता आणि त्यावर चालणारा माणूस त्याच शहरातला होता.

याउलट, त्या पैशाचे इस्पितळ बांधले नसते तर चीनमधील एकही व्यसनी बरा झाला नसता, हेही तितकेच खरे. पैसा आधीच कमावलेला होता. तो जहाजांत गुंतवायचा, बंगल्यांत घालायचा की रुग्णांसाठी द्यायचा, एवढाच निर्णय जमशेटजींच्या हाती उरला होता, आणि तो त्यांनी चांगला घेतला. मात्र दोन्ही व्यवहार अनेक वर्षे एकाच वेळी चालू राहिले. एका हाताने पेट्या जात होत्या, दुसऱ्या हाताने इस्पितळ उभे राहत होते. झाल्या पापाचे प्रक्षालन म्हणून दिलेले दान निराळे आणि चालू व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून देणारे दान निराळे. जमशेटजींच्या मनात यांपैकी कोणता भाव होता, याचा निवाडा करण्याची गरज नाही. बहुधा त्यांना त्यात विसंगतीच जाणवली नसावी. कँटनचा अफूबाज दिसत नव्हता, भायखळ्याचा रुग्ण दिसत होता. दया ही नेहमी जवळ पाहते, हिशेबाला मात्र दूरवर पाहावे लागते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. पुण्याचे ससून रुग्णालय ज्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले, त्या घराण्याच्या वैभवातही अफूचा वाटा होता. अमेरिकेतील सॅकलर कुटुंबाच्या औषध कंपनीने अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या विकून अफाट पैसा मिळविला. त्या गोळ्यांनी लक्षावधी घरांत व्यसन शिरले. या कुटुंबाने संग्रहालयांना आणि वैद्यकीय संस्थांना भरघोस देणग्या दिल्या होत्या. २०१९ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाने आपल्या वैद्यकीय इमारतींवरून ते नाव उतरविले. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही तेच केले. विद्यार्थ्यांना त्या नावाच्या दारातून आत जाणे नकोसे झाले होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या नावाबाबत असे करावे, असे येथे सुचवावयाचे नाही. पण देणगी स्वीकारतानाच चौकशी करणे सोपे असते. पाटी लागल्यावर ती उतरविणे फार अवघड जाते. गुटखा, मद्य, सट्टा किंवा सावकारी यांतून आलेला पैसा दवाखान्याच्या पावतीपुस्तकात जमा करावा की नाही, हा प्रश्न लहान गावातील विश्वस्तांपुढेही येतो. बैठकीत तो मोठ्याने विचारला जात नाही, इतकेच.

जे. जे. रुग्णालयाच्या पुढील इतिहासातील एक दुःखद प्रकरणही येथे नोंदले पाहिजे. १९८६ च्या आरंभी तेथे दूषित ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. औषधात विषारी रसायन मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा औषधखरेदी, तपासणी आणि परवाने यांतील ढिसाळपणा व भ्रष्टाचार उघड झाला. कोनशिला बसविणाऱ्याला जाऊन तेव्हा सव्वाशे वर्षे लोटली होती. दाता इमारत देऊ शकतो, निधी देऊ शकतो. प्रत्येक बाटली तपासून पाहणे हे त्या-त्या पिढीतील जिवंत माणसांकडेच राहते.

जमशेटजींची अखेरची वर्षे मानमरातबाची आणि प्रकृतीच्या कुरबुरींची होती. व्यापाराची सूत्रे हळूहळू युरोपीय पेढ्यांच्या हाती गेली. आगबोटी आल्या, हुंड्यांचे व्यवहार बदलले, आणि शिडाच्या जहाजांवर उभे राहिलेले देशी व्यापाऱ्यांचे वर्चस्व ओसरू लागले. १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. हा बहुमान मिळविणारेही ते पहिले भारतीय. १८५८ मध्ये, दुसऱ्या अफूयुद्धातील पराभवानंतर, चीनला अफूच्या आयातीवर जकात बसवून ती कायदेशीर करणे भाग पडले. त्यानंतर काही महिन्यांनी, १४ एप्रिल १८५९ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी जमशेटजींचे देहावसान झाले. मुंबईने आपला सर्वांत मोठा दाता गमावला, अशी भावना सर्व जातिधर्मांत होती आणि ती खरी होती. आवाबाई १८७० पर्यंत हयात होत्या.

भारतातून चीनला जाणारी अफू १९१३ मध्ये बंद झाली. भायखळ्याचे रुग्णालय चालू आहे. कोयनेच्या खोऱ्यातील रुग्ण आजही तेथे जातो.